मोठा खेळाडू, मोठा गुरू?

सप्टेंबर संपत आला की मेलबर्न शहरात दुसरा विषय नसतो. ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरचे कसोटी सामने आपण पहाटे उठून पाहतो, त्याच मैदानावर लाखाच्या आसपास माणसे ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’चा अंतिम सामना पाहायला जमतात. सामना संपला की चर्चा सुरू होते ती दोन याद्यांची. यंदा कोणकोण निवृत्त होत आहे ही एक यादी आणि कोणत्या क्लबला नवा प्रशिक्षक हवा आहे ही दुसरी. पहिल्या यादीतले एखादे लाडके नाव उचलून दुसऱ्या यादीत बसवण्याचा मोह फार जुना आहे. त्या मोहाचा इतिहास आज सांगायचा आहे.

हा खेळ आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. १८५८ मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने एका वृत्तपत्राला पत्र लिहिले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये म्हणून त्यांनी फुटबॉलचा क्लब काढावा, असे त्याने सुचवले. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये खेळाचे नियम लिहिले गेले. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. चेंडू पायाने मारायचा किंवा मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे द्यायचा. फेकायचा मात्र नाही. प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या साखळी स्पर्धेचा पहिला मोसम झाला आणि १९९० मध्ये त्याच स्पर्धेला ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ हे नाव मिळाले. मेलबर्नला मुलीकडे राहायला गेलो की मी हे सामने पाहतो. माझे लक्ष चेंडूपेक्षा उंचावरच्या काचेच्या खोलीत बसलेल्या प्रशिक्षकाकडे अधिक असते.

पूर्वी अशी खोली नव्हती आणि आपला प्रश्नही नव्हता, कारण कित्येकदा खेळाडूच प्रशिक्षक असे. कॉलिंगवूड क्लबचे जॉक मॅकहेल १९१२ मध्ये खेळत असतानाच प्रशिक्षक झाले आणि थेट १९४९ पर्यंत राहिले. अडतीस मोसम, ७१४ सामने, आठ विजेतेपदे. त्यांतली १९२७ ते १९३० ही चार तर ओळीने. आजही विजेत्या प्रशिक्षकाला त्यांच्याच नावाचे पदक दिले जाते. कर्णधार आणि प्रशिक्षक एकच असण्याची ही पद्धत पुढे बराच काळ टिकली. या दुहेरी भूमिकेत विजेतेपद मिळवणारे शेवटचे गृहस्थ म्हणजे कार्लटनचे ॲलेक्स जेसॉलेन्को. ते साल होते १९७९.

मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतोच, हा समज ज्यांच्यामुळे पक्का झाला ते रॉन बरासी. मेलबर्न क्लबकडून खेळताना त्यांनी सहा विजेतेपदे पाहिली. १९६५ मध्ये ते अचानक कार्लटनला खेळाडू-प्रशिक्षक म्हणून गेले आणि शहर हादरले. १९७० च्या अंतिम सामन्याला १,२१,६९६ प्रेक्षक होते. हा विक्रम अजून मोडलेला नाही. मध्यंतराला कार्लटन ४४ गुणांनी मागे होता. बरासींनी खेळाडूंना सांगितले, चेंडू मुठीने एकमेकांना देत राहा आणि धावत राहा. कार्लटनने तो सामना दहा गुणांनी जिंकला. पुढे नॉर्थ मेलबर्नला त्यांनी १९७५ आणि १९७७ अशी दोन विजेतेपदे मिळवून दिली.

पण बरासींची गोष्ट सांगताना तिचा पूर्वार्ध विसरला जातो. त्यांचे वडीलही मेलबर्नचे खेळाडू. १९४१ मध्ये तोब्रुकच्या लढाईत ते मारले गेले. पुढे रॉन राहिले ते वडिलांचे सहकारी नॉर्म स्मिथ यांच्या घरी. हेच स्मिथ १९५५ ते १९६४ या काळातल्या मेलबर्नच्या सहाही विजेतेपदांचे प्रशिक्षक. संघ कसा निवडायचा, कोणाला कधी बाहेर बसवायचे, हरलेल्या पोरांशी काय बोलायचे, हे त्या घरात रोजचे बोलणे असणार. कार्लटनला पोचले तेव्हा बरासींची उमेदवारी होऊन गेली होती. लोकांना दिसला तो फक्त खेळाडू.

बरासींनी १९८० मध्ये नॉर्थ मेलबर्न सोडले आणि क्लबने माल्कम ब्लाइट यांना खेळता खेळता प्रशिक्षक केले. ब्लाइट म्हणजे १९७८ चे सर्वोत्कृष्ट खेळाडू. मोसम संपायच्या आत त्यांना पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी नुसते खेळाडू म्हणून उतरले तेव्हा त्यांनी १०३ गोल केले! म्हणजे गुण होते, ओझे चुकीच्या वेळी आले होते. नंतर ते ॲडलेडच्या स्थानिक स्पर्धेत वूडव्हिल या दुबळ्या क्लबकडे गेले आणि पाच वर्षे तिथे प्रशिक्षक म्हणून राबले. परत आल्यावर जीलाँगला त्यांनी तीन वेळा अंतिम फेरीत नेले; तिन्ही वेळा हार. शेवटी ॲडलेडला १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळाली. त्या संघातला एक तरुण, सायमन गुडविन, निवृत्तीनंतर सहायक म्हणून शिकला आणि २०२१ मध्ये त्याने मेलबर्न क्लबचा सत्तावन्न वर्षांचा दुष्काळ संपवला.

ब्लाइट यांचा धडा क्लबांनी घेतला का? नाही. कॉलिंगवूडने १९९० चा विजेता कर्णधार टोनी शॉ याला निवृत्तीनंतर लवकरच प्रशिक्षक केले. १९९९ मध्ये संघ तळाला गेला. ब्रिस्बेनने तीन विजेतेपदांचा कर्णधार मायकेल व्हॉस याला २००९ साठी नेमले, तेव्हा त्याने एक दिवसही सहायकाचे काम केले नव्हते. पहिला मोसम बरा गेला, मग घसरण, आणि २०१३ मध्ये उचलबांगडी. एसेंडनने जेम्स हर्ड या आपल्या दैवताला २०११ साठी असेच थेट आणले. पुढे पूरक औषधांचे प्रकरण उघडकीला आले आणि २०१६ मध्ये क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी आली. त्या प्रकरणात एकट्या प्रशिक्षकाचा अननुभव शोधणे अन्यायाचे होईल. परंतु दैवताला प्रश्न विचारायला कोणी धजावत नाही, हा धोका त्यातून दिसतो.

असे का होते? मला तीन कारणे दिसतात. पहिले, उपजत खेळाडूला आपण काय करतो ते सांगता येत नाही. चेंडू कुठे पडणार हे त्याला कळते. कसे कळते हे तो कसे शिकवणार? दुसरे, कालचे सोबती आज त्याच्या हाताखाली येतात. ज्याच्या लग्नात नाचलो त्याला संघातून वगळायचे, हे तिशीतल्या माणसाला जड जाते. तिसरे, काम बदलले आहे. मॅकहेल ब्रुअरीतली नोकरी सांभाळून संघ घडवत. आजच्या प्रशिक्षकाला सहायकांचा ताफा, आकडेवारी, डॉक्टर, पत्रकार आणि संचालक मंडळ हे सगळे हाकावे लागते.

याउलट कोण यशस्वी झाले पाहा. ॲलन जीन्स फक्त ७७ सामने खेळले. पेशाने पोलीस. १९६६ मध्ये सेंट किल्डाला एका गुणाने विजेतेपद मिळवून दिले; त्या क्लबचे ते आजवरचे एकमेव. नंतर हॉथॉर्नला तीन. हॉथॉर्नलाच चार विजेतेपदे देणारे ॲलिस्टर क्लार्कसन बेताचे खेळाडू होते. ब्रिस्बेनला २०२४ आणि २०२५ मध्ये जिंकवणारे क्रिस फेगन हे टास्मानियातले शिक्षक. या लीगमध्ये ते एकही सामना खेळलेले नाहीत.

मग नामवंतांनी या वाटेला जाऊच नये का? तसेही नाही. ली मॅथ्यूज यांना विसाव्या शतकातला सर्वोत्तम खेळाडू मानतात. १९८५ मध्ये निवृत्त झाले, १९८६ मध्ये कॉलिंगवूडला सहायक म्हणून आले आणि काही सामन्यांतच प्रमुख झाले. विजेतेपद उजाडले १९९० मध्ये, क्लबच्या बत्तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. क्लबने त्यांना शिकायला वेळ दिला, हे महत्त्वाचे. पुढे ब्रिस्बेनला त्यांनी ओळीने तीन विजेतेपदे दिली. त्या संघातले क्रेग मॅक्रे बरीच वर्षे दुय्यम संघ आणि तरुण खेळाडू घडवत राहिले आणि २०२३ मध्ये त्यांनी कॉलिंगवूडला चार गुणांनी जिंकवले. खुद्द व्हॉसही सात वर्षे पोर्ट ॲडलेडला सहायक राहिले. कार्लटनला प्रमुख म्हणून आले आणि २०२३ मध्ये संघ उपान्त्य फेरीपर्यंत गेला. महिलांच्या स्पर्धेतली डेझी पिअर्स २०२२ चे विजेतेपद घेऊन थांबली, वर्षभर जीलाँगच्या पुरुष संघासोबत शिकली आणि मग २०२४ मध्ये वेस्ट कोस्टच्या महिला संघाची प्रमुख झाली.

माझे मत विचाराल तर, कीर्ती प्रशिक्षकाला मारक नाही आणि तारकही नाही. तिने दार उघडते, आत टिकता येत नाही. तेहतिसाव्या वर्षी ज्याचे आयुष्यभराचे काम एकदम थांबते, त्याला क्लबने दुसरे काम द्यावे हे माणुसकीला धरूनच आहे. पण त्याला पहिल्याच दिवशी सर्वांत वरच्या खुर्चीत बसवणे हा सन्मान नव्हे. त्यात संघाचे नुकसान होते आणि त्या माणसाने वीस वर्षांत कमावलेले नाव दोन मोसमांत डागाळते. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा त्या दोन याद्या निघतील. पहिल्या यादीतले नाव दुसऱ्या यादीत जरूर जावे. मधली चार-पाच वर्षे तेवढी कोणी गाळू नयेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)