‘चार्ज’ नावाचं ओझं

भिलाईत ‘चार्ज’ हा शब्द आधी भट्टीचा, मग कोर्टाचा. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं. भट्टीच्या तोंडातून आत पडणारं दल्ली-राजहराचं लोहखनिज, कोक, चुनखडी म्हणजे ‘चार्ज’. खनिजानं भट्टी भरतात तेव्हा इंग्रजीत ‘चार्ज विथ’, माणसावर खुनाचा आरोप ठेवतात तेव्हाही ‘चार्ज विथ’. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली गाडी आहे, गाडीत भरलेला माल आहे. आपला ‘आरोप’ही मुळात चढवणं, वर ठेवणंच. वृक्षारोपणातला तोच.

‘अक्यूज’चं कूळ वेगळं. त्यात ‘कॉज’ आहे. माणसाला जाब देण्यासाठी पुढे बोलावणं आहे. म्हणून त्याला ‘ऑफ’ लागतो. ‘अलेज’ला तर जाबसुद्धा नको. कुणीतरी असं म्हणतं, इतकंच. मराठी वर्तमानपत्रात मात्र हे तिघेही ‘आरोप’ होऊन उतरतात.

याचा अर्थ मराठी गरीब आहे असा नाही. आपण आळ घेतो, ठपका ठेवतो, बोल लावतो. बालंट तर आपणहून येतं. पण ही घराची, चावडीची भाषा. कोर्टाची पायरी चढली की शब्द संपतात आणि सगळी भिस्त क्रियापदावर येते: आरोप केला, आरोप ठेवला, आरोप सिद्ध झाला. घाईत हेच क्रियापद गळतं.

शंकर गुहा नियोगींच्या खटल्यात मला हे सगळ्यात ठळक दिसतं. ज्या खाणींचं खनिज इथल्या भट्ट्यांत पडतं, त्या दल्ली-राजहराच्या मजुरांची संघटना त्यांनी १९७७मध्ये उभी केली. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे भिलाईतल्या घरात, झोपेत त्यांना गोळी घातली गेली. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांनी आधीच डायरीत लिहून आणि ध्वनिफितीवर बोलून ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी खटल्यात आल्या. मेलेला माणूस ‘अलेज’ करत होता. ते ‘चार्ज’ होण्यासाठी सीबीआयला पुरावा जोडायचा होता.

१९९७मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना दोषी ठरवलं. त्यांत उद्योगपतीही होते. १९९८मध्ये उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली आणि इतरांची सुटका कायम ठेवली.

आता या तीन ओळींचं भाषांतर करून पाहा. ‘चार्जशीट’ला आपल्या कायद्याच्या मराठीत ‘दोषारोपपत्र’ म्हणतात. ‘चार्ज’मध्ये फक्त ओझं होतं, मराठीत पहिल्याच कागदावर दोष आला. दुसऱ्या टोकाला ‘अक्विट’. त्याला बातमीत ‘निर्दोष मुक्तता’ म्हणायची रीत आहे. पुरावा पुरेसा नाही, एवढं म्हणून न्यायालय माणसाला सोडतं तेव्हाही मराठी त्याला स्वच्छ धुऊन देते. ‘दोषमुक्त’ मला बरा वाटतो, पण तोही पुन्हा दोषाचं नाव घेतोच. आणि ‘आरोपी’? व्याकरणानं पाहिलं तर तो आरोप करणाराही होऊ शकतो. हिंदीतला ‘अभियुक्त’ अधिक नेमका आहे, पण इथल्या हिंदी वर्तमानपत्रांनीही ‘आरोपी’च उचलला.

भिलाईत हा प्रश्न निव्वळ भाषेचा राहत नाही. इथे अजूनही कुणी म्हणतं, ‘खरे आरोपी सुटले,’ तर कुणी म्हणतं, ‘निर्दोष सुटले.’ २००५च्या निकालाला या दोन वाक्यांतलं कुठलंच पुरतं मान्य नाही. तो निकाल मराठीत आणताना मी ‘सुटका कायम’ एवढंच लिहिते आणि वाक्य तिथेच थांबवते.