सियोन-शिक्षण, बेने इस्राएल समाजातील

कोकणातील मराठीभाषक ज्यूंना, म्हणजे बेने इस्राएलांना, आपल्या मूळ भूमीविषयी प्रार्थनेतून, कीर्तनातून आणि शाळेतून मिळालेले शिक्षण. जेरुसलेमची ओळख या समाजाला धर्मातून आणि मराठीतून झाली. राजकीय सियोनवाद, म्हणजे ज्यूंना सियोनला (जेरुसलेमच्या भूमीत) परत नेऊन वसवण्याची चळवळ, त्यानंतर बऱ्याच काळाने आली. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय या समाजाचे इस्रायलशी असलेले नाते समजत नाही.

समाजाच्या परंपरेनुसार नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. धर्मग्रंथ हाती नव्हते, तरी ‘शेमा’ ही प्रार्थना आणि सण टिकून राहिले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास ‘बिरड्याचा सण’ म्हणून आणि मिसरातून सुटकेचा पेसाह ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणून पाळला जाई. इतिहासाचा पहिला धडा अशा रीतीने घरातच गिरवला गेला, आणि पुढच्या सगळ्या शिक्षणाचा पाया तोच आहे.

सॅम्युएल इझिकेल दिवेकर (सामाजी हसाजी) यांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात ‘शाआर हारहमीम’ हे पहिले प्रार्थनालय उभारले. बेने इस्राएल लोक प्रार्थनालयाला मशीद म्हणत. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला असे, कारण भारतातून जेरुसलेम पश्चिमेला. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोराला ती दिशा वेगळी शिकवावी लागत नसे. हिब्रू वाचनासाठी कोचीनहून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही यात मोठा वाटा आहे: जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. हेतू धर्मांतराचा होता. समाजाने भाषा घेतली, धर्म मात्र आपलाच ठेवला.

1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हागादा, म्हणजे पेसाहला वाचायची पोथी, शिळाछापावर निघाली. 1874 च्या पुण्याच्या आवृत्तीतील चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. या पोथीच्या शेवटी पुढच्या वर्षी जेरुसलेमात असण्याची इच्छा व्यक्त होते, आणि ती आता घरातल्या सगळ्यांना कळेल अशा भाषेत आली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1880 च्या सुमारास कीर्तनही सुरू झाले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्यांत रचली गेली. ज्यांना हिब्रू येत नव्हते अशा बायकामुलांपर्यंत कनानचे डोंगर आणि नाईलचे पाणी याच मार्गाने पोचले. पोथ्यांइतकेच श्रेय कीर्तनकारांना द्यायला हवे.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत इस्रायलाइट स्कूल काढले. तेथे इतर विषयांसोबत हिब्रू शिकवले जाई. माझगावची सर एली कदुरी शाळा ती हीच. रेबेका रूबेन यांनी 1922 पासून सुमारे तीन दशके तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले.

1897 मध्ये पहिल्या सियोनवादी परिषदेचे निमंत्रण आले, तेव्हा समाजाने ते नाकारले. सियोनला परत नेणे हे देवाचे काम, अशी त्यांची श्रद्धा होती. याला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे ठरेल. पिढ्यानपिढ्या प्रार्थनेतून जे शिकवले गेले, त्याला हे उत्तर धरूनच होते. 1920 मध्ये मुंबईत सियोनवादी संघटना स्थापन झाली. पुढे युवक संघटनांतून आधुनिक हिब्रू, गाणी आणि नव्या वसाहतींची माहिती मुलांना मिळू लागली.

1948 मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतर हजारो कुटुंबे इस्रायलला गेली आणि बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावी स्थिरावली. ज्या भूमीचे नाव रोजच्या प्रार्थनेत घेतले, तिथल्या धर्मपीठाने 1960 च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी मागितली. समाजाने निदर्शने केली. 1964 मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठरावाने मान्य केले. कोकणात शिकवलेल्या धड्यात या प्रसंगाची तयारी कुठेच नव्हती.

माझगावच्या शाळेत आता बहुतेक विद्यार्थी बिगर-ज्यू आहेत. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आले असून तेथे महाराष्ट्र दिन साजरा होतो. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा हा नैवेद्याचा विधीही केला जातो. अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाच्या रथाच्या खुणा ज्यावर असल्याचे सांगितले जाते असा खडक आहे. इस्रायलहून येणारी कुटुंबे मुलांना घेऊन तिथे आवर्जून जातात.