खिडकीतला दूधसागर

डोंगर न चढता धबधबा पाहता यावा, ही सोय निसर्गाने केलेली नसते. ती कोणी तरी, काही हेतूने, कोणाच्या तरी खर्चाने बांधलेली असते. दूधसागराच्या बाबतीत हा खर्च मिठागरांच्या इतिहासात नोंदला गेला आहे, आणि म्हणून या धबधब्याकडे पाहताना आम्हांला प्रथम मिठाची आठवण होते.

गोवा-कर्नाटक सीमेवर मांडवी सुमारे ३१० मीटर खाली झेपावते. लोहमार्गाचा पूल या प्रपाताला मध्यावर आडवा जातो. पावसाळ्यात डब्यातल्या खिडकीपर्यंत तुषार येतात. मिरज-बेळगाव-लोंढा मार्गे गोव्यात उतरणाऱ्या कित्येक मराठी माणसांना दूधसागर भेटला तो असा, बसल्या जागी.

२६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानातील लोहमार्गांना जोडायचे, हा त्याचा एक भाग. दुसरा भाग मिठाचा. तोवर लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोव्याचे मीठ लादून घाट चढत असत. स्वस्त मीठ असे वर येणे ब्रिटिशांच्या मीठ-महसुलाला परवडणारे नव्हते. करारान्वये गोव्यातील मिठाचे उत्पादन ब्रिटिश नियंत्रणाखाली गेले. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले, आणि ही रक्कम रेल्वे कंपनीच्या भांडवलावरील हमीच्या व्याजासाठी गुंतली. १८८७-८८ मध्ये मार्ग सुरू झाला. १८९२ मध्ये करार संपुष्टात आला. मधल्या काळात अनेक मिठागरे बंद पडली होती आणि त्यांवर पोट भरणाऱ्यांची वाताहत झाली होती. घाट पायी चढणाऱ्यांचा धंदा बुडवून घाट बसून चढण्याची सोय झाली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

आता थोडे नावाविषयी. 'धबधबा' हा शब्द आवाजातून जन्मलेला आहे. तो घडवणाऱ्याने पाणी आधी ऐकले असणार. 'दूधसागर' हे नाव मात्र सर्वस्वी डोळ्यांचे आहे. त्यामागची लोककथा प्रसिद्ध आहे. रानातल्या तळ्यात स्नान करणारी राजकन्या, स्नानानंतर ती पीत असे ते दूध, आणि झाडांआडून तिला न्याहाळणारा राजपुत्र. त्याची चाहूल लागताच ती दुधाचा कलश ओतते आणि त्या शुभ्र पडद्याआड स्वतःला झाकून घेते. कथेत, म्हणजे, धबधबा हा पाहण्याजोगा देखावा नाहीच. तो परक्या नजरेपासून केलेला आडोसा आहे! त्याच आडोशासमोर लोहमार्गाने खिडक्यांची रांग आणून उभी केली. गाडीच्या खडखडाटात पाण्याचा आवाज बुडतो. उरते ती फक्त दृष्टी, आणि तीही क्षणभराची. बाळकवींनी 'निर्झरास' लिहिताना निर्झराला संबोधले, कारण तिथे थांबायला सवड होती. धावत्या डब्यातून धबधब्याविषयी बोलता येते, त्याच्याशी बोलणे जमत नाही. (आमच्या प्रवासवर्णनांत धबधब्यांची वर्णने इतकी एकसारखी का, याचेही एक कारण इथे असावे.)

मीटरगेजचा हा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. पुढे कॅसलरॉक-कुळे दरम्यान दुहेरीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हा मोलेच्या अभयारण्यासाठी गोव्यात मोठे आंदोलन उभे राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द ठरवली. खिडकीपुढचा देखावा हे एक जिवंत रान आहे, हे या वादात प्रथमच इतक्या ठळकपणे मांडले गेले.

जुलै २०२३ मध्ये मात्र गर्दी वेगळ्याच दिशेने लोटली. रुळांवरून चालत धबधबा गाठू पाहणाऱ्या तरुणांना पोलिसांनी अडवले आणि काहींना उठाबशा काढायला लावल्या. त्यानंतर रेल्वेने आवाहन केले की दूधसागराचे सौंदर्य डब्यात बसूनच अनुभवावे.