डहाणूची खाडी आणि फुकट नाव: वाढवणच्या किनाऱ्यावरील प्रवासाची दोन हजार वर्षे

१/
श्रावणातला एखादा शनिवार. मुंबईहून निघालेली एका कुटुंबाची गाडी बोईसर मागे टाकते आणि चिंचणीला समुद्र दिसू लागतो. पुढे वरोर, वाढवण, मग डहाणू आणि बोर्डी. डावीकडे गढूळ समुद्र, उजवीकडे पाण्याने भरलेली भातखाचरे, काचेवर अखंड पाऊस. डहाणूची खाडी येते, गाडी पुलावर चढते आणि पाहता पाहता पलीकडे उतरते. मागे बसलेल्या मुलांचे तिकडे लक्षही जात नाही. पूर्वी मात्र या किनाऱ्यावरचा प्रवास नेमका अशाच ठिकाणी अडत असे. हा थ्रेड त्या अडण्याचा आणि पलीकडे जाण्याचा आहे.

२/
नकाशा उघडून पाहावा. वैतरणा, डहाणूची खाडी, वरोळी, दमणगंगा, पार, अंबिका, तापी: सह्याद्री व सातपुड्याकडून आलेले हे प्रवाह एकामागून एक समुद्राला मिळतात. किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या वाटसरूला यातला प्रत्येक प्रवाह ओलांडावा लागे. उन्हाळ्यात ओहोटी साधून काही ठिकाणी पायउतार मिळे. पावसाळ्यात डोंगराचे पाणी आणि भरतीचे पाणी समोरासमोर येई आणि वाट बंद होई. समुद्रमार्गही खुला नसे, कारण आषाढात नांगरलेली गलबते साधारण नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा पाण्यात उतरत.

३/
डहाणूच्या नावाचा एक अतिशय जुना उल्लेख डहाणूत नव्हे, तर घाटावर, नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. लेणे क्रमांक १०. लेख कोरविणारा उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. हा दिनिकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाचे पहिले ते दुसरे शतक. आपल्या दानांची यादी देताना तो सहा नद्यांची नावे घेतो: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूचा प्रवाह, असे अभ्यासक मानतात.

४/
या सहा नद्यांवर त्याने काय केले? ‘पुण्यतर’ नावा ठेवल्या. ज्या नावेतून पलीकडे जाण्यासाठी उतारूला काहीही द्यावे लागत नाही, ती पुण्यतर. शिवाय दोन्ही तीरांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’ उभारल्या. म्हणजे विसाव्याची जागा आणि पाणपोई. हा तपशील साधा वाटतो, पण तो प्रवास जाणणाऱ्या माणसाचा आहे. खाडीवर पोहोचलेल्या माणसाला नाव लगेच मिळेलच असे नाही. भरतीची वाट पाहावी लागते, पाऊस ओसरण्याची वाट पाहावी लागते. तेवढा वेळ डोक्यावर छप्पर हवे.

५/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपून ठेवावी. एखादी सेवा फुकट केली, हे दगडावर कोरावेसे वाटते, तेव्हा एरवी तिच्यासाठी पैसे पडत असले पाहिजेत. दाहनुकेवर नाव होती, ती चालवणारे होते आणि ती ओलांडण्याची गरज असलेले पुरेसे प्रवासीही होते. भरुकच्छ म्हणजे भडोच आणि शूर्पारक म्हणजे सोपारा. या दोन मोठ्या बंदरांच्या मध्ये हे उतार येतात. याच लेखात उषवदाताने त्या दोन्ही ठिकाणी, तसेच दशपुर आणि गोवर्धन येथे, वाटसरूंसाठी निवासस्थाने बांधल्याचीही नोंद आहे. नावा आणि निवास ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती.

६/
हाच लेख किनाऱ्यावरच्या आणखी एका दानाचे वर्णन करतो. नानंगोल नावाच्या गावी नारळाची बत्तीस हजार झाडे दिली, असा त्या ओळीचा अर्थ सामान्यतः लावला जातो. नानंगोल म्हणजे आजचे नारगोळ, असे मानले जाते. बोर्डीहून पुढे गुजरातची हद्द ओलांडली की उंबरगावजवळ हे गाव लागते. आज पावसाळी सहलीत माडांची रांग पाहून गाडी थांबते. त्या काळी अशी रांग उत्पन्नाचे साधन म्हणून मोजली जात होती.

७/
आणि पाऊस? तोही या लेण्यात आहे. पावसाळ्यात मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या सुटकेसाठी आपण गेलो आणि नुसत्या गर्जनेनेच मालय पळाले, असे उषवदात सांगतो. पावसात बाहेर पडणे हे सैन्याचे काम, इतरांनी थांबायचे. बौद्ध भिक्षूंना तर वर्षावासात एकाच ठिकाणी राहण्याचा नियमच होता. त्याच लेण्यातील वर्ष ४२ च्या लेखात त्यांची सोय आहे. गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे झाले २४०. वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब तंतोतंत जुळतो.

८/
लेण्यात उषवदाताच्या पत्नीचे नावही आहे. नहपानाची कन्या दक्षमित्रा हिने येथे एक ओवरी, म्हणजे भिक्षूच्या निवासाची खोली दान दिली. चालणाऱ्यांसाठी नाव, थांबणाऱ्यांसाठी छप्पर. एका घराण्याने केलेली ही दाने एकत्र वाचली की त्या काळाचा पावसाळा डोळ्यांपुढे उभा राहतो.

९/
आता आठ शतके पुढे, आणि थेट वाढवणच्या शेजारी. वाढवणच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या चिंचणीत ताम्रपट सापडले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६. त्यावेळी संयान मंडलाचा, म्हणजे संजाण परिसराचा, अधिकारी होता मुहम्मद नावाचा एक अरब. ताम्रपटाची संस्कृत त्याला ‘मधुमती’ म्हणते आणि ‘ताजिक’ अशी त्याची ओळख देते. राष्ट्रकूटांच्या वतीने तो हा किनारा सांभाळत होता.

१०/
या अरब अधिकाऱ्याची कीर्ती सांगताना ताम्रपट कशाचा उल्लेख करतो? लढाया आणि बंदरे येतातच. पण त्यांच्या जोडीला दोन प्रवाहांवर फुकट नाव आणि संयान येथे एक अन्नछत्र. तेथे साळीचा भात, कालवणे आणि तूप विनामूल्य मिळे. उषवदात शक, मधुमती अरब. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, राजवटी वेगळ्या. तरीही या किनाऱ्यावर चांगला शासक म्हणून नाव मिळवायचे तर माणसाला खाडीपार पोहोचवावे लागे, ही कसोटी आठशे वर्षांनंतरही तीच होती.

११/
चिंचणीचाच शके ९५६ (इ. स. १०३४) चा आणखी एक ताम्रपट शिलाहारांच्या काळातला आहे. मांडलिक चामुंडराज एका मठिकेला तेलाचा घाणा दान देतो. तेल देवापुढच्या दिव्यासाठी आणि तेथे येणाऱ्या अध्ययनशील ब्राह्मणांच्या पायांना चोळण्यासाठी. पायांना तेल! चिखल तुडवीत आलेल्या माणसाला काय हवे असते, हे दान देणाऱ्याला नेमके ठाऊक होते.

१२/
पुढे पोर्तुगीज आले आणि तारापूर, डहाणू येथे त्यांचे कोट उभे राहिले. खाडीच्या मुखाशी आता पहारा होता. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ही ठाणी मराठ्यांकडे आली आणि मे महिन्यात वसई पडली. पावसाआधी मोहीम संपणे किती निकडीचे होते, हे वरचा नकाशा पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

१३/
पावसाळ्यातील वाट खऱ्या अर्थाने उघडली ती रेल्वेने. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मुंबई–सुरत मार्ग १८६४ मध्ये जोडला गेला. लोखंडी पुलांनी खाड्या ओलांडल्या. मात्र रुळ किनाऱ्यापासून आत राहिले, म्हणून स्थानकाचे नाव ‘डहाणू रोड’: डहाणूकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे स्थानक. प्रवासी वेगाने पुढे जाऊ लागला. किनाऱ्यावरची गावे बाजूला राहिली.

१४/
बाजूला राहिलेला हा किनारा आता पुन्हा मार्गाच्या मध्यभागी येत आहे. जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले आणि १९९८ मध्ये त्याने वाढवणच्या बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली.

१५/
सुमारे ७६,२०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प. किनाऱ्याजवळची सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली हे त्याचे मोठे कारण, आणि त्यासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव. पाठीराख्यांना येथे देशाच्या व्यापाराचे दार दिसते. मच्छीमार गावांचा विरोध मात्र जुना आहे, कारण भराव पडणार तो त्यांच्या मासेमारीच्या पाण्यात.

१६/
अशा वेळी जुने लेख पुन्हा वाचावेत, पण भाबडेपणाने नव्हे. नाशिकच्या दगडावर दात्याचे नाव आहे, त्याच्या सासऱ्याचे आहे, पत्नीचे आहे, सहा नद्यांची नावे आहेत. चिंचणीच्या ताम्रपटांवर राजा, अधिकारी, मठिका सारे आहे. दाहनुकेवर भर पावसात वल्हे मारणाऱ्या नावाड्याचे नाव मात्र कोठेही नाही. नाव फुकट होती ती उतारूला. ती ओढणाऱ्याला त्याबद्दल काय मिळे, हे कोणी कोरून ठेवले नाही.

१७/
या किनाऱ्यावरून कोण गेले आणि कोणी त्यांना जाऊ दिले, याची नोंद दोन हजार वर्षे होत आली आहे. ज्यांच्या बळावर ते गेले, त्यांची नोंद अजून व्हायची आहे. वाढवणबाबत ती या वेळी तरी कागदावर यावी. पावसात डहाणूच्या पुलावरून गाडी जाईल तेव्हा क्षणभर काच खाली करून खाडीकडे पाहावे. दाहनुका ती हीच.

(थ्रेड समाप्त)