मेस्तांच्या पेटीतील जपानी पटाश्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या हरमल गावातील एक वृद्ध मेस्त निवर्तले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, आम्हांस बोलावून घेतले. हत्यारांची पेटी भंगारवाला पाहून गेला होता व किलोला तीस रुपये देऊ करीत होता. मेस्तांचा पुतण्या, तोही सुतारच, पेटी आपणांस हवी म्हणत होता. परंतु दाम काय द्यावा हे त्यास कळेना, आणि घरच्या मुलाकडे पैसे मागणे वहिनींच्या जिवावर आले होते. सरकारी नोकरीत आमचे आयुष्य वस्तूंच्या याद्या करण्यात गेले. तेव्हा मोल ठरविण्याचे काम आमच्या गळ्यात पडले.

वाकस, रंधे, करवती, गिरमिट यांचा निर्णय पुतण्याने स्वतःच केला. घोटाळा झाला तो चार आखूड, जाडजूड पटाश्यांपाशी. त्यांच्या मुठीच्या माथ्यावर, मुसळास वसवी असावी तसे, लोखंडी कडे होते. पात्याची पाठ सपाट नसून मध्ये खोलगट होती. आणि पात्यावर आम्हांस न वाचता येणारी अक्षरे होती. वहिनींस मात्र त्यांचा इतिहास पाठ होता. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातील एक तारवटी 1960 नंतरच्या दशकात बोटीवर होता. कोबे बंदरात त्याने त्या घेतल्या आणि घराच्या दारे-खिडक्यांच्या मजुरीपोटी मेस्तांस दिल्या.

हरमलसारख्या गावी जपानी हत्यार यावे याचे नवल आज वाटते. त्या पिढीस ते तितकेसे वाटले नसावे. दुसऱ्या महायुद्धानंतर डिचोली व सत्तरी भागांतील लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानकडे जाऊ लागले आणि जपान हाच त्याचा मोठा गिऱ्हाईक ठरला. 1954-55च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा या खनिजाच्या पैशावर परदेशी माल येथे येत राहिला. 1961 साली गोवा मुक्त झाल्यावरही खनिजाच्या बोटी जपानला जातच राहिल्या. आमच्या एका मित्राने यावरून सुंदर कल्पना लढविली, की डिचोलीची माती जपानला गेली आणि पटाशी होऊन परत आली! कल्पना गोड आहे, पण खरी मानवत नाही. आपले खनिज गेले ते तिथल्या प्रचंड भट्ट्यांत. पटाशीचा लोहार निराळा आणि त्याचे लोखंडही निराळे.

त्या लोहारांची हकीकत सांगण्याजोगी आहे. कोबेपासून जवळच मिकी नावाचे गाव आहे. 1578 ते 1580 या काळात हिदेयोशीने तेथील किल्ल्यास वेढा घातला. किल्ला पडला, गाव उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा उभे करण्यासाठी सुतार जमले आणि सुतारांपाठोपाठ त्यांची हत्यारे घडविणारे लोहार आले. मिकीची हत्यारे आजही नावाजलेली आहेत. पुढे 1876 साली जपान सरकारने कमरेस तलवार लावण्यास बंदी केली. तलवारी घडविणाऱ्या कित्येक लोहारांचा धंदा बसला आणि त्यांतील काही सुतारी हत्यारांकडे वळले. चियोझुरू कोरेहिदे (1874-1957) हा अशाच एका घराण्यातला. त्याच्या हातची पटाशी आज संग्राहकांच्या कपाटात असते, सुताराच्या पेटीत नव्हे.

या पटाशीचे मर्म असे की, ती दोन धातूंची असते. अंग मऊ लोखंडाचे आणि पाठीच्या बाजूस कठीण पोलादाचा पातळ थर, दोन्ही भट्टीत तापवून, ठोकून एकजीव केलेले. आपल्याकडेही कोयत्यास पोलादाचे तोंड लावीत, तत्त्व तेच. फरक पाण्याचा. जपानी पोलादास फार कडक पाणी दिलेले असते. म्हणून धार टिकते, पण हत्यार तिरके उचकटले तर तोंडाचा टवका उडतो. तेथील देवदारासारख्या मऊ लाकडासाठी ते ठीक. आमच्या माट, किंदळीपुढे मात्र धारेचा उतार थोडा उभा ठेवावा लागतो. मेस्तांनी तो तसा ठेवला होता, हे पुतण्याने पाहताक्षणी ओळखले.

कचेरीत खुर्ची-टेबलावर घसारा धरतात तो वर्षांच्या हिशेबाने. पटाशीचा घसारा अक्षरशः घासण्याचा असतो. प्रत्येक वेळी दगडावर धार लावताना ती केसभर आखूड होते. म्हणून जुनी पटाशी पाहताना ती किती वर्षांची हे विचारू नये, पाते किती उरले हे पाहावे. पाठीचा खळगा उथळ व लहान झाला असेल तर ती पुष्कळ घासली गेली असे समजावे. ढोबळमानाने, खळगा संपत आला की पटाशीही संपत आली. वरच्या अंगावरचा तांबेरा निरुपद्रवी. मात्र पाठीवर धारेजवळ गंजाचे टोचे असतील तर ते पोलाद खातात आणि धारेला दाते पडतात. अक्षरांवर फार विसंबू नये. पुष्कळदा ती घडविणाऱ्याची नसून व्यापारी पेढीची असतात, आणि थोर नावांच्या नकलाही होतात.

हे शहाणपण आम्हांस आधी होते असे कृपया समजू नये. आम्ही चौघींतील सर्वांत लखलखीत पटाशी पहिली काढून ठेवली होती. पुतण्याने ती उजेडात धरली. तोंडाशी निळसर झाक होती. कोणीतरी तिला विजेच्या चाकावर धार लावली होती आणि उष्णतेने तिचे पाणी उतरले होते. त्याने कानस फिरविली, ती त्या तोंडात सहज चावली. उरलेल्या तीन काळ्याकुट्ट पटाश्यांवरून तीच कानस काचेवरून निसटावी तशी निसटली. निळा भाग घासून काढला तर खाली पोलाद चांगले निघेल, पण तितके पाते वाया जाणार.

भंगाराच्या काट्यावर चारी मिळून पाव शतकही रुपये झाले नसते. तशी नवी, हाताने घडविलेली पटाशी घ्यावयाची तर काही हजार पडतात. आम्ही तीन चांगल्यांचे प्रत्येकी दीड हजार आणि जळलेलीचे पाचशे, असे पाच हजार ठरविले. संग्राहकाने कदाचित अधिक दिले असते. परंतु पुतण्या त्यांनी खिडक्या करणार होता, आणि ते वहिनींस पसंत होते. पैसे दोन हप्त्यांत द्यायचे ठरले व त्याप्रमाणे मिळाले.

चहा घेताना वहिनींच्या हाती पाचवी दिसली. कडे निखळलेले, पाते जेमतेम दोन बोटे उरलेले, खळगा पार पुसलेला. तिने त्या करवंटीतले खोबरे सोडवीत होत्या. आम्ही यादी पुन्हा उघडली.

"ही नका लिहू, भाऊ," त्या म्हणाल्या. "ही त्यांनीच मला दिलेली."