दुसरी चिठ्ठी

आमच्या तिरोड्याच्या वस्तीत 1954 च्या मे महिन्याची गोष्ट निघाली की म्हातारी माणसं विडीच्या सुपातून हात काढत. गोंदिया जिल्हा झाला 1999 मध्ये. त्या वेळी आमचा जिल्हा भंडारा, राज्य मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब उभे होते.

आजा सांगे, चिठ्ठीवर शिक्का मारायची पद्धतच नव्हती. दर उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, काँग्रेसची बैलजोडी. मतदारसंघ दोन जागांचा, त्यातली एक राखीव. म्हणून हाती दोन चिठ्ठ्या. पहिली हत्तीला, यात वाद नव्हता. दुसरीवरून मात्र रात्ररात्र भांडणं. ‘कुजवा’, म्हणजे ती वाया घालवा, असं म्हणणारे पुष्कळ होते. आजा ऐकेना. “बाबासाहेबायनं सांगतलं होतं, मत कुजवाचं नाई. ज्यानं घटना लिवली तो असं करू देईल का?” त्यानं दुसरी चिठ्ठी प्रजासमाजवादी अशोक मेहतांच्या पेटीत टाकली.

मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी जिंकली. बाबासाहेब आठेक हजार मतांनी पडले.

कुजवा म्हणणारे अडाणी नव्हते, हे सांगायला हवं. राखीव जागा भरली की उरलेली जागा सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याची, मग तो कुठल्याही जातीचा असो. म्हणजे बाबासाहेबांना दुसरं दारही उघडं होतं, आणि त्याच दारात आमच्या दुसऱ्या चिठ्ठ्यांनी मेहतांना पुढे केलं.

आजीला हा हिशेब पटत नसे. “पाटलाच्या वाड्यावरची मतं आपल्याकडं येनार होती का?” एवढंच ती विचारी. माझ्या मते दुखण्याचं मूळ तिनंच धरलं होतं. 1932 च्या पुणे करारानं स्वतंत्र मतदारसंघ गेले. जागा राखीव, पण मत सगळ्या जातींचं. आपला प्रतिनिधी इतरांच्या मतांवर ठरणार, ही बाबासाहेबांची भीती भंडाऱ्यात त्यांच्याच वाट्याला आली.

14 ऑक्टोबर 1956 ला आजा-आजी नागपुरात दीक्षा घेऊन आले. दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. भंडाऱ्यानंतर ते लोकसभेला पुन्हा उभे राहिले नव्हते. दोन जागांचे मतदारसंघ 1961 च्या कायद्यानं रद्द झाले. राखीव जागेचा खासदार सगळ्यांच्या मतांनी निवडायची रीत मात्र तीच आहे.