श्रीवर्धनचे खलाशी आणि ‘पर्मनंट’ नोकरी

श्रीवर्धनच्या इतिहासात एका नेमणुकीचा उल्लेख नेहमी होतो. १७१३ साली छत्रपती शाहूंनी बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद दिले. भट घराणे श्रीवर्धनचे. इथली देशमुखी त्यांच्याकडे होती. ते पद पुढे त्याच घराण्यात चालले, ते थेट १८१८ पर्यंत. गावात पेशव्यांचे स्मारक आहे आणि ते असणे योग्यच आहे. पण याच गावातून आणि दिघी, बोर्ली पंचतन, म्हसळा या आसपासच्या मुलखातून माणसे पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर कामाला गेली. त्यांची नोकरी एका करारापुरती असायची. सफर संपली, हिशेब झाला, की नोकरीही संपली. त्यांत आपले कोकणी मुसलमान पुष्कळ होते. त्यांचे स्मारक गावात नाही, आणि आपण लिहिणाऱ्यांनीही त्यांच्याविषयी फारसे लिहिलेले नाही.

आजही आपल्याकडे सोयरिकीची बोलणी सुरू झाली, की मुलीकडचे विचारतात, “मुलगा पर्मनंट आहे ना?” या एका शब्दाला आपण एवढे वजन का देतो, याचे उत्तर या खलाशांच्या इतिहासात सापडते.

श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. जुनी माणसे या मुलखाला हबसाण म्हणत. इथली रोठा सुपारी नावाजलेली. पण वाडी वाटत वाटत भावाभावांच्या हिश्शाला मोजकी झाडे येत. भात वर्षातून एकदा. त्यामुळे घरातला एक तरी मुलगा मुंबईची बोट धरायचा. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई बंदरातली आगबोटींची ये-जा वाढली. पी. अँड ओ. सारख्या कंपन्या मुंबईत माणसे भरत, त्यात एक ठरलेली वाटणी असे. डेकवर कोकण आणि गुजरात-काठियावाडचे, इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण, खाण्यापिण्याच्या खात्यात गोव्याचे. डेकवर सारंग, टंडेल, सुकाणी आणि खलाशी अशी उतरंड होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश बोटींवरच्या हिंदी खलाशांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास होती.

खलाशी शिपिंग मास्तरसमोर करारावर सही किंवा अंगठा करी. हा करार गोऱ्या खलाशांच्या करारापेक्षा वेगळा असे. पगार त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. राहायची जागा कमी, शिधा वेगळा. कंपनीला वाटले तर मध्येच आपल्या दुसऱ्या बोटीवर बदली करता येई, आणि करार संपवायचा तो हिंदुस्थानात परत आणूनच. म्हणजे विलायतेच्या बंदरात जास्त पगाराची दुसरी नोकरी धरण्याची वाटच बंद. प्रत्येक सफरीची नोंद ज्या दाखल्यावर होई, त्याला खलाशी ‘नळी’ म्हणत. नळी हेच त्याचे सर्व्हिस बुक. फरक एवढाच, की सरकारी नोकराच्या सर्व्हिस बुकात रजेचीही नोंद असते. नळीवर दोन सफरींमधले महिने कोरेच राहत.

खरा प्रश्न या कोऱ्या महिन्यांचा होता. त्या दिवसांत खलाशी मुंबईत जमातीच्या नाहीतर गाववाल्यांच्या खोलीत पडून असे. खानावळीचे देणे चढे. नवी बोट मिळवून देणारा सारंग किंवा दलाल आपला हात ओला केल्याशिवाय नाव पुढे करीत नसे. करार झाल्यावर जो पगार आगाऊ मिळे, तो खोलीवाला, सारंग आणि दलाल यांची देणी भागवण्यातच जाई. मात्र सारंगाला निव्वळ लुटारू ठरवणेही अन्यायाचे होईल. तो बहुधा गावचा, कधी नात्यातला असे. गावातल्या पोरक्या मुलाला बोटीवर चढवणारा तोच आणि परदेशात मय्यत झाली तर घरी निरोप आणणाराही तोच. रोजीची चावी एका माणसाच्या हातात असली, की त्याचे उपकार आणि त्याची दस्तुरी वेगळी काढता येत नाही.

ही चावी त्याच्या हातून काढावी, असे जगभर म्हटले जाऊ लागले. १९२० साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जिनोआच्या परिषदेत ठराव केला, की खलाशांना काम देण्यासाठी पैसे घेणे बंद व्हावे आणि त्यासाठी मोफत कचेऱ्या असाव्यात. १९२२ साली क्लो यांच्या समितीने हिंदुस्थानातल्या भरतीची पाहणी करून अशीच शिफारस केली. पण कंपन्यांना जुनी रीत सोयीची होती. मुंबईत खलाशांसाठी सरकारी रोजगार कचेरी सुरू झाली, ती स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध होऊन गेले. १९३९ साली लढाई जाहीर होताच ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इथल्या बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढ आणि युद्धभत्त्यासाठी संप केले. काहींना तुरुंग पाहावा लागला, पण पगार वाढले. या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. मुंबईत मस्जिद स्टेशनजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही युद्धांतल्या मृत खलाशांची स्मृती जपलेली आहे. आपल्यापैकी किती जण तिथे फातेहा पढायला गेले असतील?

याच युद्धाने एक गोष्ट सिद्ध केली. खलाशाची नोकरी कायम करता येत नाही, कारण बोटी येतात-जातात, असे मालक नेहमी सांगत. पण माणसे कमी पडू लागताच १९४१ साली ब्रिटनने आपल्या खलाशांची राखीव फळी उभारली आणि दोन सफरींमधल्या काळातही त्यांना पगार सुरू केला. १९४७ पासून तिथे कायम सेवेची योजनाच आली. शेजारी काम करणाऱ्या श्रीवर्धनच्या खलाशाला त्यातले काही मिळाले नाही. समुद्र तोच, बोटही तीच; फक्त करार वेगळा.

मुंबईच्या गोदीत मात्र हे घडले. तिथला हमालही रोजंदारीवर होता. सकाळी टोळीवाल्यासमोर उभे राहायचे, त्याने बोट दाखवले तर काम. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला आणि १९५१ साली मुंबईची योजना लागू होऊन डॉक लेबर बोर्ड आले. बोटी अनेक मालकांच्या, पण कामगारांची नोंदवही एक. नंबर लागेल तसे काम, हजेरी लावूनही काम मिळाले नाही तर भत्ता आणि महिन्याला ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या संघटनेचे बळ त्यामागे होते. बोट दाखवणाऱ्या माणसाची जागा नोंदवहीने घेतली, तेव्हा हमालाची भाकरी पक्की झाली.

खलाशाला नोंदवही मिळाली, पण अर्धी. १९५४ च्या कचेरीमुळे पाळीने नाव लागू लागले आणि दलालाचा हात आखडला. पण पाळी येईपर्यंतचे दिवस बिनपगारीच राहिले. १९६६ साली खलाशांसाठी वेगळा भविष्य निर्वाह निधी कायदा झाला. वेगळा अशासाठी, की त्यांना एक मालक नव्हता. निधी बोटीला नव्हे, माणसाला चिकटवला गेला. आपल्या कित्येक विधवांच्या हाती कायद्याने आलेला पहिला पैसा तोच. पुढे २००५ च्या नियमांनी भरतीचे काम परवानाधारक खासगी एजंटांकडे आले आणि पाळीची ती पद्धत मागे पडली. आता मुलगा आधी कोर्सची फी भरतो, मग एजंटच्या फोनची वाट पाहतो. परवाना नसलेल्यांनी लाखो रुपये घेऊन फसवल्याच्या तक्रारी किनाऱ्यावर नव्या नाहीत.

१९७०च्या दशकानंतर आखाताची वाट मोठी झाली. घरे सिमेंटची झाली, मुली कॉलेजात गेल्या; ही बरकत नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथेही हातात असतो तो दोन-तीन वर्षांचा करारच. आपल्याकडे जे पर्मनंट झाले, ते बहुतेक जमिनीवरचे : पोर्ट ट्रस्टमधले, एस.टी.तले, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतले. म्हणून सोयरिकीतला तो प्रश्न लोभाचा नाही. ज्यांच्या आज्यांनी नळीवरचे कोरे महिने उसनवारीवर काढले, त्यांचा तो शहाणपणा आहे.

मात्र तो प्रश्न एकट्या मुलाला विचारून भागणार नाही. गोदीतला हमाल स्वतःच्या लायकीने पर्मनंट झाला नव्हता, आणि खलाशी नालायक म्हणून कराराचा राहिला नव्हता. एकाच्या मागे संघटना आणि कायदा पुरता उभा राहिला, दुसऱ्याच्या मागे अर्धाच. ज्यांच्या घरी ट्रंकेत अजून एखादी नळी असेल, त्यांनी ती कागद म्हणून फेकू नये. त्यावरच्या बंदरांची आणि तारखांची नोंद करावी, मधल्या कोऱ्या महिन्यांत घर कसे चालले ते घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारावे. श्रीवर्धनचा उरलेला इतिहास तिथे आहे.